मोटारअण्णांच्या कमानी

मोटारअण्णा गाडी चालवायचे ती कानांनी. डोळे रस्त्यावर असायचे, पण सगळं चित्त मागच्या सीटवर. कुणाच्या लग्नात आमटी कमी पडली, कुणाची जाऊ कशी नाक वर करून चालते, असलं काहीबाही मागे चाललेलं असलं की अण्णा खुशीत. गप्पा थांबल्या की त्यांचा पाय ब्रेकवर गेलाच म्हणून समजा. मान वळवून विचारायचे, "कामून गप झालात गं? कमान गेली का काय?"

अण्णा माझे चुलते, माझ्या वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, धाकटे भाऊ. आमचं गाव दुबलगुंडी आणि अण्णांचं अडत दुकान हुमनाबादेत. पोलीस ॲक्शनमध्ये संस्थान बुडाल्यावर बिदरचा कुणी अंमलदार बाडबिस्तरा गुंडाळून निघून गेला आणि त्याची जुनी काळी मोटार अण्णांच्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव मागे पडलं. दुकानात तुरीचा ढीग पडलेला असो नाहीतर करडईचा, अण्णा दारात मोटार पुसत उभे.

अण्णा अंगानं भरलेले, त्यामुळे मोटार त्यांच्या अंगाला कललेली असे. ती सरळ राहावी म्हणून ते दारात उभे राहून माणसं दोन्ही अंगांना वाटून बसवायचे. "काशव्वा, तू डाव्या अंगाला बस. आणि सुबव्वा, तू कुठं बी बस, तुझं वजन धरायचं न्हाई." दोघी माझ्या आत्या; काशव्वा वजनदार आणि वजनाबद्दल फार हळवी. ती फुरंगटून बसली की अर्धा रस्ता तोंड उघडायची नाही, आणि इकडे अण्णा गाडी थांबवून चाकापाशी वाकलेले. बहिणीचा रुसवा आणि कमानीचा बिघाड यांतला फरक त्यांना कधी कळला नाही.

कमान म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणारे पोलादी पाटे. आमच्या भागातल्या खड्ड्यांनी त्यांचे हाल व्हायचे. हुमनाबादचा मिस्त्री मडगार्ड दाबून सोडायचा, गाडी किती वेळ डुलते ते बघायचा, खाली सरपटत जाऊन पिना हलवायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "अण्णा, पाट्याँ को तडा गया सो है, बुशाँ बी घिस गए. बदल डालो." अण्णांचं उत्तर ठरलेलं. "आत बसलेलं माणूस बोलायलंय न्हवं? मंग अजून दम हाय तिच्यात. माणूस गप झालं की बदलायचं."

या शास्त्रानं एकदा आमची चांगलीच जिरवली. गाणगापूरला निघालो होतो. मधेच पाटा मोडला, टायर मडगार्डला घासायला लागलं, जळक्या रबराचा वास गाडीत भरला, तरी काशव्वाची गोष्ट काही संपेना. शेवटी टायरच फुटलं. आम्ही सगळ्या जणी बाभळीखाली बसलो, अण्णा घामाघूम होऊन जॅक लावत होते आणि आमच्याकडे बघून ओरडत होते, "तुम्ही बायकांनी फशिवलं मला! अर्ध्या वाटंत गप बसला असता तर कळलं तरी असतं!"

श्रावण आला की मोटारीला नवं तेज चढायचं. आमच्याकडे पंचमीला लेकींना माहेरी आणतात. लाडू, नागाला दूध, आणि झाडाला बांधलेला झोका. पूर्वी बैलगाड्या जात. मोटार आल्यावर घरातली प्रत्येक लेक आणायचा मान अण्णांनी स्वतःकडे घेतला. सासरच्या उंबऱ्यात डोळे पुसणारी पोरगी गाव मागे पडेपर्यंत खुलायची आणि पुढे तिला आवरणं कठीण. अण्णांना घराघरातलं सगळं ठाऊक असायचं ते या फेऱ्यांमुळे. ऐकायचे सगळं, पण एका घरचं दुसऱ्या घरी कधी गेलं नाही.

माझं लग्न कोहिनूर गावात झालं. लहानपणापासून मी घरातली सर्वांत बडबडी, अण्णा म्हणायचे, "नीलव्वा गाडीत असली की हॉर्न वाजवायचं काम न्हाई." सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात सुना बोलत न्हाईत." त्या रागावून नव्हत्या म्हणाल्या, वहिवाट सांगावी तसं सांगितलं. नवरा गुलबर्ग्याला एका वकिलांकडे कारकून, तिथंच खोली घेऊन राहायचा. सणावारी आला तरी आईसमोर माझ्याशी बोलायची त्याला चोरी. मारहाण नाही, उपास नाही. पण दिवस दिवस माझा आवाज मला ऐकू यायचा नाही. पंचमी येईपर्यंत बोलायची सवयच मोडली होती.

अण्णा न्यायला आले. कोहिनूर मागे पडलं, वाटेवरचं कल्याण गेलं, मी खिडकीतून बघत होते. अण्णांनी गाडी थांबवली, खाली वाकून बघितलं, पुन्हा निघाले. पुन्हा थांबवली. घरी पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते मोटार घेऊन मिस्त्रीकडे.

पाटे पाडव्यालाच बदललेले होते. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला म्हणे. "अण्णा, उगादी को तो नवे डाले! कुछ नै हुआ!" अण्णा म्हणाले, "नीलव्वा कोहिनूरपासनं गप बसून आली. काय तरी मोडलंच असणार. काढ सगळं." त्यांनी धडधाकट पाटे उतरवायला लावले. नवे पाटे, नव्या पिना, नवे बुश. संध्याकाळी गाडी दारात उभी करून मला हाक मारली, "चल नीलव्वा, एक चक्कर मारू."

गाडी इतकी अलगद चालली होती की खड्डा आलेला कळत नव्हता. अण्णा वाट बघत होते. मी काही बोलेना. हुमनाबादच्या रस्त्याला एका शेताच्या बांधाशी त्यांनी गाडी उभी केली. स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग मागे न बघताच म्हणाले, "गाडीचं तर समदं बदललं माय. आता तूच सांग काय मोडलंय."

मी रडले. मग बोलले. किती दिवसांचं साठलं होतं, अंधार पडायला आला तरी संपेना.

पंचमी सरली. आप्पांनी मला परत कोहिनूरला धाडायची तयारी केली. मी आईच्या कानावर घातलं होतं. ती म्हणाली, सवय होईल. मोटार दारात उभी, शिदोरी आत ठेवली, ओटी भरली, मी बसले. अण्णा गाडी चालूच करेनात.

आप्पा म्हणाले, "काय झालं रे?"

"नीलव्वानं तोंडानं सांगू दे कुठं जायचंय ते. त्याबिगर गाडी हालायची न्हाई."

"काय खुळ्यागत करायलास! कोहिनूरला जायचंय, दुसरं कुठं?"

"तू न्हाई, आप्पा. ती बसलीया गाडीत."

गल्ली जमा झाली. आप्पांसमोर मी आजवर मान वर केली नव्हती. मी म्हणाले, "मला गुलबर्ग्याला जायचंय. त्यांच्याजवळ." आवाज माझाच होता, पण अनोळखी वाटला. आप्पा काही म्हणायच्या आत गाडी सुरू झाली होती.

गुलबर्ग्याला नवरा दारात आम्हाला बघून गडबडला. अण्णांनी ट्रंक आत ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, आमच्या पोरीला बोलायला माणूस लागतंय. एवढं एक सांभाळा. बाकी ती कशाचीच नड सांगायची न्हाई." चहासुद्धा घेतला नाही. नवरा मनानं चांगला होता; त्याला फक्त कुणीतरी दार उघडून द्यायला हवं होतं. त्या एका खोलीत आमचा खरा संसार सुरू झाला.

त्याचं मोल अण्णांनी मोजलं. व्याह्यांचा अपमान झाला म्हणून आप्पांनी अण्णांचं तोंड बघायचं सोडलं. भाऊबंदांनीही ठरवलं की आपल्या लेकीसुना या गाडीत बसवायच्या नाहीत. न जाणो, कुणाला कुठं नेऊन सोडेल. हे मला काकूकडून पुष्कळ उशिरा कळलं. अण्णा एकटेच हुमनाबादला जायचे आणि एकटेच यायचे. ज्यांना मागच्या सीटवरच्या गलक्याशिवाय करमत नसे त्यांची मोटार आता रिकामी धावायची.

पुढच्या पंचमीला मला माहेरचं बोलावणं आलं नाही. पोळपाटाशी बसून मी डोळे पुसत होते तेवढ्यात बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला. अण्णा एकटेच आले होते, काकूनं दिलेले लाडू घेऊन. म्हणाले, "घरचं दार तर उघडत न्हाई तुझ्यासाठी. तरी चल."

शहराबाहेर रस्त्याकडेला एक मोठा कडुलिंब होता. अण्णांनी गाडीच्या मागच्या पेटीतून बंद पडलेली मोटार ओढायचा जाड दोर काढला, फांदीवर टाकला, लोंबकळून जोर बघितला आणि त्यावर मागच्या सीटची गादी अडकवली. मला म्हणाले, "बस." येणारेजाणारे बघत होते. मी लाजत बसले. अण्णांनी पदराला धक्का लागणार नाही अशा बेतानं मागून झोका दिला. दोराचं काळं ग्रीस माझ्या तळहातांना लागलं. मी हसत होते, आणि काय काय बोलत होते ते आता आठवत नाही.

ती अण्णांची शेवटची पंचमी. थंडीत तापानं गेले. मोटार कुणीतरी भंगारात नेली. पुढे आप्पांचा राग निवळला, आमच्या अंगणात मी पुन्हा झोका खेळले, माझ्या लेकींनाही खेळवलं. पण माहेर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दुबलगुंडीचं घर येत नाही. रस्त्याकडेचा तो लिंब येतो, आणि धापा टाकत झोका देणारे अण्णा.