ट्रेसरबाईंचा रविवार

ट्रेसरबाई कुठलीही इमारत मागच्या बाजूने दाखवायला सुरुवात करत. लोक चांगले कपडे घालून, मोबाइल सरसावून पुण्याच्या कॅम्पातल्या एखाद्या दगडी इमारतीसमोर जमत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला मनोरा, टोकदार कमानी बघून 'वा वा' सुरू होतंय न होतंय, तोच बाई म्हणत, "झालं बघून? चला आता मागे." मग सगळा घोळका सायकल स्टँड, पाण्याची टाकी, मोडक्या खुर्च्यांचा ढीग अशा वाटेने इमारतीच्या पाठीशी. समोरचं तोंड शेवटी, बक्षीस दिल्यासारखं. एकदा एका गृहस्थांनी विचारलंच, असं का? बाई म्हणाल्या, "समोरून काय, फोटोत सगळेच हसतात."

मी अमरावतीची. नोकरी हिंजवडीत, खोली वाकडला, आणि रविवार आला की करायचं काय, हा प्रश्न. आमच्या ऑफिसातल्या पोरापोरींनी मोठ्या उत्साहाने जुन्या इमारती बघायच्या या रविवारच्या फेरीत नावं दिली आणि शनिवारी रात्री पार्टी केली. सकाळी टपाल ऑफिसच्या फाटकाशी पोचले मी एकटी. तिथे पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात चक्क स्पोर्ट्स शूज. मी विचारलं, "बाकीचे लोक येऊन राहिले का?" त्यांनी मला खालून वर बघितलं. "राहिले ते राहिलेच. आलेल्या तुम्ही एकट्या. बरं झालं, प्रश्न कमी." बाप्पा! मला वाटलं, असंच मागे फिरावं आणि जाऊन झोपावं. पण बाई चालायला लागल्या होत्या आणि त्या चालायला लागल्या की मागे जायचंच असतं, हे मला तेव्हाच कळलं.

सरकारी बांधकाम खात्यात त्या ट्रेसर होत्या. म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ गिरवून नक्कल काढायची. या इमारतींची दुरुस्ती निघाली की काय बदलायचं ते खुणावलेले नकाशे बाईंच्या टेबलावर येत. "एकेक खिडकी माझ्या हाताखालून गेलीय," त्या सांगत, "पण डोळ्यांनी एकही बघितली नव्हती. साइटवर जाणाऱ्या जीपमध्ये बायकांना जागा नसायची म्हणे. नोकरी संपली तरी ती जागा काही झाली नाही."

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन त्या इमारती बघायला निघाल्या. पहिल्याच ठिकाणी फाटकावरच्या पहारेकऱ्याने हटकलं. बाई कसल्या ऐकतात! वळसा घालून मागे गेल्या. तिथे भिंतीत एक बुजवलेली खिडकी दिसली. कमान तशीच आणि आत वेगळ्या रंगाचे दगड भरलेले. ती खिडकी कित्येक वर्षांपूर्वी बाईंनीच कापडावर शाईने बुजवली होती. "अहो, मी जे गिरवलं ते कुणीतरी खरंच केलं होतं!" हे सांगताना एरवी सुरीसारखा असलेला त्यांचा आवाज एकदम लहान मुलीचा व्हायचा. दर रविवारी व्हायचा. मी ती गोष्ट कितीदा ऐकली असेन, पण त्या भिंतीशी आल्यावर माझ्या अंगावर काटा यायचाच.

इंग्रजांचं कौतुक कशाला, असं विचारणारा कुणीतरी प्रत्येक घोळक्यात असतोच. एकदा असेच एक काका तावातावाने बोलायला लागले, की ही सगळी गुलामगिरीची स्मारकं आहेत, पाडून टाकली पाहिजेत. बाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "राणीबाई आल्या नव्हत्या हो दगड घडवायला. दगड इथला, घाम इथला, कराचा भरणा इथल्यांचा. आपली इमारत आहे ही. तुम्ही टेकलाय ना, ते जोतंसुद्धा आपलंच. उठा, बघू द्या लोकांना." काका उठले. फेरी संपेपर्यंत ते सगळ्यांत पुढे चालत होते.

मंडईत मात्र बाईंची पंचाईत व्हायची. त्या इमारतीला मागची बाजूच नाही. कुठूनही जा, कोथिंबीर घेऊन कुणीतरी बाहेर येतंच आहे. मग बाई सगळ्यांना थेट मधोमध, बटाट्यांच्या ढिगाशी उभं करत आणि म्हणत, "हिने कुणाकडेच पाठ फिरवलेली नाही. म्हणून ही अजून कामावर आहे, आणि मी निवृत्त."

त्यांना वीट यायचा तो एका प्रश्नाचा. दगडी भिंत, उंच खिडक्या, पारवे दिसले की कुणाला तरी राहवत नसे. "इथे भूत आहे का हो?" बाई थांबत, चष्मा पुसत आणि शांतपणे सांगत, "आहे ना. दर रविवारी सकाळी येतं. सध्या तुमच्याशी बोलतंय." विचारणारा गार! आणि बाई पुढच्या कमानीशी.

मी दर रविवारी जायला लागले. अमरावतीची पोरगी दर आठवड्याला येते आणि पुण्याची मंडळी एकदा येऊन जातात ती जातात, याचं मला नवल वाटे. "पुणेकरांना वाटतं, त्यांना पुणं पाठ आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला येत नाही, म्हणून तुम्ही बघता." माझ्याबद्दल त्या काही बरं बोलल्या, ते इतकंच. मला ते महिनाभर पुरलं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी, शेवाळलेल्या फरशीवर, अर्थातच एका इमारतीच्या मागच्या बाजूला, बाई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, की घरातल्या घरात वॉकर धरून चालाल, रस्त्यावरचं विसरा. नारायण पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला लिफ्ट नव्हती. एकट्याच राहत, सोबतीला भाची येऊन राहिली. मी भेटायला गेले तर पलंगावर ताठ बसलेल्या. दुखतंय का, विचारलं तर म्हणाल्या, "ते दुखणारच. लोक चार रविवार वाट बघतील आणि पाचव्याला विसरतील, त्याचं काय ते बोला." आयुष्यभर कापडावर गिरवलेलं शहर त्यांना आत्ता कुठे पायाखाली मिळालं होतं. ते आता कुणी दाखवणारच नाही, याची त्यांना खरी धास्ती होती.

त्याच आठवड्यात सहली काढणाऱ्या एका कंपनीचा मुलगा आला. फेरी आम्ही चालवू म्हणाला, तुमचं नावसुद्धा ठेवू. "फक्त मॅम, ते बॅकसाइड स्किप करू या. पब्लिकला फ्रंट हवा असतो. सेल्फी पॉइंट वगैरे." बाईंनी भाचीला त्याच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं, तो त्याला पूर्ण पिऊ दिला आणि म्हणाल्या, "असं करा, पोस्टकार्डं विका. चालायलाही नको." मुलगा गेल्यावर मात्र त्या बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाई, मी घेते फेरी."

"तुम्ही? स्वारगेटला उतरल्यावर मंडई कुठल्या बाजूला, हे गेल्या महिन्यात मला विचारत होतात."

"विचारलं म्हणूनच आता माहीत आहे," मी म्हटलं. पुण्यात राहून मीही थोडं शिकले होते.

बाई हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून माझी तालीम सुरू झाली. पलंग म्हणजे टपाल ऑफिस, कपाट म्हणजे चर्च आणि मोरी म्हणजे कलेक्टर कचेरी. मी खोलीभर फिरत बोलायचं आणि बाई पडल्या पडल्या एकेक नमुनेदार गिऱ्हाईक व्हायच्या. तावातावाने भांडणारे काका व्हायच्या, 'संडास कुठे आहे' विचारणाऱ्या आजी व्हायच्या आणि मी अगदी रंगात आले, की बारीक आवाजात, "इथे भूत आहे का हो?" त्यांचंच उत्तर मी दिलं की खवळायच्या. "ते माझं आहे. तुमचं तुम्ही शोधा." मला काही केल्या सापडेना. एकदा तर मी चिडून म्हटलं, की भूतबित काही नसतं. बाई म्हणाल्या, "मग तर घोळका तिथेच पांगला समजा."

माझ्या पहिल्या रविवारी त्यांनी हुकूम सोडला, की त्यांना फोन लावून, स्पीकर चालू ठेवून तो पर्समध्ये टाकायचा, त्या घरून ऐकणार. मी आठ-दहा लोकांना घेऊन घाबरत घाबरत पन्हळ, कमान, दगडांचे सांधे असं सगळं सांगत होते, तेवढ्यात माझ्या पर्समधून खणखणीत आवाज आला, "अहो, खिडकी राहिली! बुजवलेली!" लोक दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी मुकाट्याने दोन पावलं मागे आले आणि खिडकी दाखवली. बाईंसारखीच, लहान मुलीच्या आवाजात. मुद्दाम नाही, तो आवाज आपोआपच तसा झाला. फेरी संपल्यावर मी फोन कानाला लावला. "मोठ्याने बोल," बाई म्हणाल्या. "बाकी ठीक." नारायण पेठेत 'ठीक' म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. आणि 'बोला' नव्हे, 'बोल' म्हणाल्या होत्या, माझी आई म्हणते तसं. त्या दिवसापासून मी त्यांची 'तू' झाले.

वर्षभर अशी पर्स बोलत राहिली. हळूहळू टोकणं कमी झालं, मग नुसता श्वास ऐकू यायचा, कधीमधी हसू. एका शनिवारी त्यांचाच फोन आला. "उद्या फोन लावू नकोस. मी सुट्टी घेतेय." मी घाबरून तब्येत विचारली. "तब्येतीचं काय त्यात? तुझं पाठ झालंय, मला आता ऐकायचं काम नाही." त्यानंतर काही आठवड्यांतच, थंडीतल्या एका पहाटे, झोपेतच बाई गेल्या. भाची म्हणाली, पलंगाखाली ते स्पोर्ट्स शूज धुऊन, नाड्या बांधून तयार ठेवलेले होते.

लगेचच्या रविवारी फेरी रद्द करायचं माझ्या मनात होतं. पण मागे हटले तर त्यांनी काय ऐकवलं असतं, ते मला पुरेपूर माहीत होतं. गेले. घोळका बराच मोठा होता. सगळ्यांना सायकल स्टँडवरून, टाकीच्या कडेने मागे नेलं आणि बुजवलेल्या खिडकीशी बोलता बोलता थांबले. सवयीने हात पर्सवर गेला होता. पर्स गप्प होती. डोळे भरून आले आणि पुढचं वाक्य आठवेना. लोक वाट बघत होते.

तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी वरच्या पारव्यांकडे बघत म्हणाली, "मॅम, इथे भूत आहे का हो?"

मी चष्मा काढला, पुसला. "आहेत ना," मी म्हटलं, "दर रविवारी सकाळी येतात. आत्ताही येतायत, मागूनच. जरा वाट द्या त्यांना."

ती मुलगी एक पाऊल बाजूला सरकली, मग तिच्या मागचे, मग सगळेच. भिंतीपर्यंत नीट वाट झाली. मग मी मोठ्याने म्हटलं, "झालं बघून? चला आता, पुढे."