चांदणी अडली होती

कापसानं घरोघरी तोंडचं पाणी पळवलं होतं, त्या वर्षांत मी आर्णीहून फौजेत भरती झालो. सामान वाहणाऱ्या घोड्यांची तुकडी मिळाली आणि चांदणी नावाची घोडी. दुसऱ्याच सकाळी ती जागची हलेना. घरी बैल अडला की शेपटी पिळायची, एवढंच मला ठाऊक. तेच केलं. तिनं लाथ घातली, माझ्या दोन बरगड्या मोडल्या.

शिकवणारे उस्ताद म्हणाले, "बैल नहीं है ये. रुके तो पहले देख, क्यों रुकी."

मग रोज साडेपाचला मालिश, सहाला दाणापाणी. डाव्या खांद्याशी उभं राहून आवाज द्यायचा, मगच हात लावायचा. दोन-तीन महिन्यांत ती माझे बूट ओळखू लागली. पुढे तर शेपटी धरली तरी मुकाट उभी राहायची. याचा मला भारी माज होता.

सात वर्षांनी आम्ही डोंगरातल्या चौकीवर दारूगोळा पोचवत होतो. मी नायक झालो होतो. सोबत आमच्याच जिल्ह्यातला, फुलसावंगीचा शिपाई सिद्धार्थ. सव्वानऊला बर्फातल्या अरुंद वाटेवर चांदणी अडली.

रेडिओ खरखरला. "देरी क्यों? ओवर."

"अभी मूव करते हैं, ओवर."

सिद्धार्थ म्हणाला, "भाऊ, थे उगीच नाही अडत. थांब, मी पुढची वाट तपासून येतो."

"टाइम नाही. तू पुढून दोरी धर."

मी मागं जाऊन शेपटी पिळली. या वेळी तिनं लाथ मारली नाही. माझं ऐकून पाऊल टाकलं. बर्फाखाली वाट पोकळ होती. दोघंही दरीत गेली.

'वाट खचली,' असा रिपोर्ट मी दिला. त्यात खोटं काही नव्हतं.

सुटीत फुलसावंगीला गेलो. सिद्धार्थच्या मायनं चहा दिला आणि विचारलं, "बाबू, जनावराले आधी समजते म्हंते. घोडी अडली नाही काय?"

"नाही माय."

"मंग नादानच होती थे."

मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही किळस येते.

चांदणी अडली होती. सिद्धार्थ थांब म्हणाला होता. हे त्याच्या मायला सांगायचं अजून राहिलंय, आणि आता तिला नीट ऐकूही येत नाही.