आठ दिवसांची दाढी

धाकट्याचं वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस मोजून वीस, तरी दादाच्या तोंडी तो अजून धाकटाच. नाक्यावर दोन खुर्च्यांचं त्याचं सलून. दादा जन्मभर बस चालवत होता. आईबाप लवकर गेले तेव्हा याच दादानं त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही; का, ते विचारायच्या भानगडीत कुणी पडू नये. चार वर्षांपूर्वी दादाची उजवी बाजू लुळी पडली, आणि न्हाऊमाखू घालायची पाळी धाकट्यावर आली.

तेव्हापासून सलून दुपारी उघडतं. सकाळची गिऱ्हाइकं, म्हणजे खरा धंदा, समोरच्या नव्या सलूनात गेली. उठवणं, धुणं, भरवणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. धाकट्याची कंबर गेली, झोप गेली. आता सलूनही जायच्या बेतात होतं. अशात एका गिऱ्हाइकानं सांगितलं, घरी सांभाळायला माणूस ठेवायचा तर सरकार मदत देतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब. धाकटा सात महिने थांबला. दाखले, दाखल्यांच्या प्रती, प्रतींवर शिक्के. शेवटी पत्र आलं: घरी पाहणीला बाई येतील.

आता त्याची चूक बघा. परकं माणूस घरी येणार म्हणून यानं पहाटे उठून दादाची गुळगुळीत दाढी केली, कानावरचे केससुद्धा काढले, भांग पाडला, चादर बदलली आणि पलंगाखालचं भांडं मोरीत लपवलं. दादा नवरदेवासारखा खुर्चीत बसला.

"आजोबा, स्वतः उठता येतं?" बाईंनी विचारलं.

"येतं की," दादा म्हणाला.

"आंघोळ?"

"करतो."

धाकटा दारात उभा राहून जमिनीकडे बघत होता. ज्यानं तीस वर्षं स्टिअरिंगला कुणाचा हात लागू दिला नाही, त्याला परक्या बाईसमोर खोटं कसं पाडायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: नीटनेटका, बराचसा स्वावलंबी, मदतीस अपात्र. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"जन्मभर लोकांची पाण्यानं केली," धाकटा म्हणाला, "सरकारनं माझी बिनपाण्यानं केली."

दादा हसला नाही. कागद घडी करून ठेवायला धाकटा वाकला तो भिंत धरून, आणि सरळ व्हायला त्याला बराच वेळ लागला. दादा ते बघत होता.

फेरपाहणी एकदाच मागता येत होती. ती मागितली. तारीख कळली तसा दादानं फतवा काढला, "आठ दिवस माझ्या तोंडाला हात लावायचा नाही." धाकट्याला तो पांढरा खुंट बघवेना. हात शिवशिवायचे. सातव्या दिवशी तो वाटी-ब्रश घेऊन बसलाच, तर दादानं डाव्या हातानं वाटी ढकलून दिली.

त्याच बाई आल्या. तोच कागद, तोच प्रश्न.

"लिहा," दादा म्हणाला. "उठता येत नाही. आंघोळ हा घालतो. संडासला हा नेतो, धुतोही हाच. मागच्या वेळी खोटं बोललो, लाज वाटली म्हणून. लाज आजही वाटते. पण याच्याकडे बघा जरा. माझ्याआधी हाच पडेल."

दादाच्या तोंडून हे ऐकण्यापेक्षा सलून गेलेलं परवडलं असतं, असं धाकट्याला त्या क्षणी खरंच वाटलं. बाईंनी 'पूर्ण परावलंबी' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. पत्र मागाहून येईल, पण पुढच्या महिन्यापासून रोज सकाळी चार तास मदतनीस मिळेल, असं त्यांनी सांगितलं.

बाई गेल्यावर दादा म्हणाला, "आता कर."

धाकट्यानं फेस काढला, दोन्ही गालांना नीट लावला. खुंट मऊ व्हायला जरा वेळ द्यावा म्हणून तो शेजारच्या स्टुलावर टेकला. पाठ भिंतीला लागली.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. दादा तसाच बसला होता. तोंडावरचा फेस वाळून त्याच्या खपल्या पडल्या होत्या. डाव्या हातात ब्रश होता. धाकट्याच्या हातातून सुटताना त्यानं तो धरला होता, खाली पडून आवाज होऊ नये म्हणून.

"उठवायचंस ना, दादा!"

"कशाला? मला कुठे गाडी काढायचीय? झोप अजून जरा."