नदीत घाई

माझं माहेर वडूजकडचं. तिथं विहिरीत घागर बुडायची मारामार, पोहणं कुठलं शिकणार? त्यामुळं पन्नाशी उलटल्यावर सांगलीत कृष्णेच्या घाटावर पाठीला प्लॅस्टिकचा कॅन बांधून उतरले, तेव्हा धुणं धुणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. मला एकदा नदी पार करायची होती, बास.

नवरा वारून वर्ष होत आलं होतं. लेक सासरी. कुपवाडच्या कारखान्यातलं कामही सुटलेलं. दिवसकार्य झाल्यावर मी घर धुतलं, डबे घासले, गाद्या नव्यानं भरून घेतल्या. मग करण्यासारखं काही उरेना. घर खायला उठायचं. निदान नदीवर चार माणसं तरी दिसायची.

कॅन सुटला, तरंगता यायला लागलं, पण पार काही होईना. मी मुळातच तडतडी. पाण्यात पडले की असे हातपाय झाडायचे की मध्यावर जाईतो दम संपलेला. मग रोज पोहणारे एक म्हातारे फौजी मला ओढून आणायचे. मगर मागं लागली तरी माणूस एवढं झाडत न्हाई, म्हणायचे. असला राग यायचा मला!

एकदा असंच ओढून आणल्यावर मी पायरीवर धापा टाकत बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "आक्का, घरी कोण वाट बघतंय का?"

"न्हाई."

"मग एवढी घाई कुणासाठी?"

जन्मभर कुणीतरी खोळंबलेलं असायचंच. नवऱ्याचा डबा, लेकीची वेणी, कारखान्यातली पाळी. माणसं गेली, घाई तेवढी माझ्यापाशी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून एक हात मारायचा, श्वास घ्यायचा, नदी धारेबरोबर नेईल तेवढं नेऊ द्यायचं, मग दुसरा हात, असं सुरू केलं. लय चिडचिड व्हायची. पण उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी पायाला चिखल लागला. पलीकडं पोचले होते. फौजी सोबत आले होते; माझ्याकडं बघून ते लांब जाऊन बसले.

मी चिखलातच बसले. आता हे घरी जाऊन कुणाला सांगू, असं मनात आलं आणि नवरा गेल्याचं मला तिथं कळलं. वर्ष उलटून गेलं तरी मी त्याच्यासाठी रडलेच नव्हते.