खिडकीतली डबी

सुमनताईंच्या यजमानांचा, दिनकररावांचा, फोन आला तेव्हा मी मुलीची शाळेची तयारी करत होते. "सुमन गेली गं... झोपेतच," एवढंच म्हणाले. महिना होऊन गेला, पण सुमनताई नाहीत हे अजून खरं वाटत नाही.

वेल्समधलं, कार्डिफपासून तासाभरावरचं आमचं गाव. काही वर्षांपूर्वीची गोष्ट: नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, मी तान्ह्या मुलीला घेऊन घरात. ती रडायची, त्याहून जास्त मी. फोनकार्ड खरवडून भारतात आईला फोन लावला तर म्हणाली, "दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या उतरव." नवरा म्हणाला, "डॉक्टरची बायको डिप्रेशनमध्ये? लोक काय म्हणतील?" इकडे मला बाळाला उचलून घ्यायचीही भीती वाटायला लागली होती.

त्या संक्रांतीला सुमनताईंकडे हळदीकुंकू होतं. आसपासच्या गावांतल्या आम्ही मूठभर मराठी बायका. तिळगूळ वाटता वाटता ताई थांबल्या, खिडकीतली स्टीलची डबी उघडली, "अगंबाई, माझी डिप्रेशनची गोळी राहिलीच की!" म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत घेतली. दिनकरराव आतून ओरडले, "अगं, थायरॉईडची म्हण ना!"

"थायरॉईडची सकाळीच घेतली," ताई म्हणाल्या. "आणि लपवायचं कुणापासून? इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त!" सगळ्या हसल्या. मी मात्र हमसाहमशी रडले.

पुढच्याच आठवड्यात त्या मला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेल्या, बाळ त्यांच्या मांडीवर. डॉक्टरीणबाईंनी "कशी आहेस?" विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "फाइन, थँक यू." ताई मराठीत कडाडल्या, "फाइन आहेस तर इथे काय भजी खायला आलोय? सांग खरं!" ...सांगितलं. आज मुलीला जवळ ओढून मी तिच्या वेण्या घालते, ते फक्त ताईंमुळे. अशा आणखी किती जणींना त्यांनी नेलं, कधी बोलल्या नाहीत. काय बाई होती!

परवा दिनकररावांकडे डबा घेऊन गेले. पूर्वी पाहुणे आले की ते ती गोळ्यांची डबी पोह्यांच्या डब्यामागे सरकवायचे, आणि ताई ती परत खिडकीत आणून ठेवायच्या. आता ती खिडकीतच होती, पुसून लख्ख केलेली. "कसे आहात?" मी विचारलं.

"मजेत," ते म्हणाले. मग त्यांनी ती डबी हातात घेतली... "नाही गं. अजिबात नाही. झोप नाही, जेवण जात नाही. सुमन असती तर तिनं डॉक्टरकडे ओढत नेलं असतं. तू येशील माझ्याबरोबर?"

मी काढायला घेतलेला कोट पुन्हा अंगात चढवला.