पा एजिरची उंच शेगडी

मँकेसिमच्या बाजारात पत्र्याच्या शेगड्या करणाऱ्या पा एजिरला जगातल्या बहुतेक वस्तू नालायक वाटत, आणि तो ते वस्तूच्या तोंडावर सांगे. चर्चमधल्या खुर्चीला तो दर रविवारी बसायच्या आधी शिव्या घालायचा. "हिला पाठ आहे, पण माणसालाही पाठ असते हे हिच्या बापाला कुणी सांगितलंच नाही." किटलीचा कान तापला की "कान कशाला दिला मग, टोचायला?" हातात गळणारी बादली आली की तो ती करणाऱ्याच्या आईची चौकशी करी. त्याची स्वतःची शेगडी मात्र बुटकी, काळी आणि बेढब होती. तीस वर्षांत तिच्याबद्दल एकाही बाईने तक्रार केली नव्हती. कारण प्रत्येक नवा नमुना आधी एकुवा बाँझी या बांकूवालीकडे जायचा. ती चौरंगावर बसून, भांड्याच्या कानांत अडकवलेल्या सळया पायांनी दाबून धरत, त्यावर बांकू म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा घोटायची आणि मान डोलावली तरच तो नमुना विकायला निघायचा.

यंदा बाजारातल्या बायकांच्या संघाने स्वयंपाकाची नवी शेड बांधली. तिथल्या बावीस चुली कुणाच्या असाव्यात ते महिनाअखेरच्या शुक्रवारी ठरणार होतं. राजधानी आक्राहून लॅम्प्टे नावाचे इंजिनिअर पंखा लावलेली, चकचकीत शेगडी घेऊन आले. कसोटी त्यांनीच ठरवली: कुणाचं पाणी आधी उकळतं?

"या पोराला मी पाण्यातच बुडवतो," पा एजिर म्हणाला. दोन आठवडे त्याने पातळ पत्रा ठोकला आणि नळकांड्यासारखी उंच शेगडी बनवली. उंचीमुळे जाळ असा ओढला जाई की विचारू नका. लाल रंगही दिला. एकुवाकडे मात्र ती गेली नाही. पाणीच तर उकळायचं होतं!

शुक्रवारी त्याचं पाणी खदखदायला लागलं तेव्हा लॅम्प्टेंच्या भांड्यात नुसते बुडबुडे होते. बायकांनी टाळ्या पिटल्या. पा एजिर इंजिनिअरकडे वळला. "साहेब, तो पंखा आता स्वतःच्या तोंडावर धरा."

"झालं का तुमचं?" संघाची प्रमुख म्हणून समोर बसलेली एकुवा म्हणाली. "आता पीठ आणा."

"कसलं पीठ, माय? निकाल लागला ना?"

"अरे एजिर, या गावात उकळलेलं पाणी जेवतं कोण?"

आंबवलेलं मक्याचं पीठ आलं. लॅम्प्टेंच्या शेगडीला भांड्याभोवती पत्र्याचं सुंदर कडं होतं. भांड्याचे कान त्यात गडप झाले. एकुवा लोखंडी सळया अडकवायला जागा शोधत राहिली, ती सापडेना तेव्हा तिने हात झटकले. "ही दवाखान्यात ठेवा. शोभेल."

मग ती एजिरच्या शेगडीपुढे चौरंगावर बसली. भांड्याच्या कानांत सळया अडकवल्या आणि त्या दाबायला पाय टेकवू गेली. शेगडी इतकी उंच की सळया तिच्या छातीशी आल्या. पाय वर घ्यावे तर बाई मागे उलटतेय, खाली ठेवावे तर भांडं मोकळं. तिने उभं राहून घोटायला घेतलं. दुसऱ्याच फेऱ्याला लाल शेगडी डुलली आणि भांडं कलंडलं. एकुवा चपळ म्हणून वाचली. गरम पीठ जमिनीवर सांडलं.

"तीस वर्षं माझे पाय पाहतोयस," ती थंडपणे म्हणाली, "आणि शेवटी पाण्यात तरंगणाऱ्या बदकासाठी चूल केलीस? नव्हे, बदकालाही पाय टेकायला जमीन लागते."

बायका पोट धरून हसल्या. लॅम्प्टेही हसले, मग आपल्या कड्याकडे बघून त्यांनी वही उघडली.

पा एजिर शेगडीपाशी गेला. खुर्चीकडे पाहायचा तशाच नजरेने त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रंग बघा. नटवी! कुणी केली ही? लाज नाही वाटली?" आणि हातोडीच्या चार घावांत तिचं थाळं करून टाकलं.

"बावीस चुलींचं काय?" एकुवाने विचारलं.

"दोन्ही नापास. लिहा, साहेब." त्याने खिशातून मापाची दोरी काढली आणि एकुवाच्या पायांशी उकिडवा बसला. "माय, बस पुन्हा. गुडघा असाच ठेव. टाच टेक नीट. साहेब, हे टोक धरा, आणि हात थरथरू देऊ नका."