जळणाचा रकाना

लोणी काळभोरच्या पुढे, हायवेपासून आत, उसाच्या चिपाडापासून जेवणाच्या ताटल्या बनवणारा एक कारखाना आहे. त्या ताटल्यांच्या पाकिटावर 'प्लास्टिकपेक्षा पर्यावरणाला कमी त्रास' असं छापलेलं असायचं. ते वाक्य माझ्या अहवालावरून आलं होतं.

माझं कामच ते. खराडीतल्या एका सल्लागार कंपनीत बसून मी एखाद्या वस्तूचा जन्मापासून कचऱ्यात जाईपर्यंतचा हिशोब मांडते. तिच्यापायी किती पाणी गेलं, किती इंधन जळलं, हवेत काय सोडलं गेलं. ताटल्यांचा हिशोब मी खुर्चीतून न उठता केला होता. कारखान्याला एक फॉर्म पाठवला, तो भरून आला, मी आकडे घातले. कारखाना बघायला जाण्याची तरतूद कामात नव्हती, आणि मीही ती मागितली नव्हती.

जुलैत एका सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि फोन पुढे केला. ताटल्या विकणाऱ्या कंपनीला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. कारखान्याच्या चिमणीतून डांबरासारखा काळा धूर निघत होता.

"तुमच्या अहवालात इथे काय जळतं?" साहेबांनी विचारलं.

"ब्रिकेट. शेतातला पालापाचोळा दाबून केलेल्या कांड्या."

"पालापाचोळा फारच रागावलेला दिसतोय," ते म्हणाले. "जाऊन या."

दुपारी मी कारखान्याच्या फाटकाशी उतरले, तर शेजारच्या मळ्यातून एक बाई तरातरा आल्या. साठीच्या असतील. हातात पालकाची जुडी. "तुमी कंपनीच्या का?"

"नाही. मी अहवाल लिहिते. या ताटल्या चांगल्या की वाईट, त्याचा."

"मंग हे ल्ह्या." त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट काळं झालं होतं. "मंडईत कोन घेत न्हाई. तीनदा धुतलाय. व्हिडिओ मीच पाठिवलाय, सांगा त्या मालकाला."

मी आत गेले.

मालक पन्नाशीचे, शांत गृहस्थ. स्वतःच्या शेताच्या एका तुकड्यावर त्यांनी हा कारखाना उभा केला होता. लगदा दाबणारे गरम प्रेस दाखवले, साचे दाखवले, ओल्या लगद्याची ताटली कशी वाळते ते दाखवलं. बॉयलरकडे मात्र वळेनात. शेवटी मीच त्या बाजूला चालायला लागले.

"तिकडं चिखल हाय, मॅडम."

"असू दे."

बॉयलरच्या मागे, उघड्यावर, ब्रिकेटचा ढीग भिजून भुसा झाला होता. त्याच्या पलीकडे ताडपत्रीखाली टायरचे कापलेले तुकडे होते. मी फोन काढला आणि फोटो घेतला.

"फोटो काढू नका," मालक म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण बॉयलरवरचे दोन कामगार हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघायला लागले. माझी गाडी तासाभराने येणार होती.

"फॉर्ममध्ये तुम्ही ब्रिकेट लिहिलं होतं," मी म्हणाले.

"लिवलं होतं. आठ म्हैने तेच जाळतो." ते माझ्याकडे सरळ बघत होते. "तुमच्या फॉर्मात एकच रकाना होता. जळण कुठलं? म्या भरलं. पावसात काय जाळता, हे कुनी इचारलं? ब्रिकेट भिजलं की प्रेस तापत न्हाई. प्रेस तापला न्हाई की माल जात न्हाई. कंपनीला माल बारा म्हैने पायजे."

फॉर्म मी बनवला होता.

"फोटो ठेवते," मी म्हणाले. "पण पावसाळ्यात टायर किती आले त्याच्या वजनकाट्याच्या पावत्या मला लागतील. नाहीतर टायर वर्षभर जळतात असंच लोक धरतील."

ते ऑफिसात गेले आणि पावत्यांची फाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, "बघा, इश्वासानं देतोय."

परतीच्या वाटेवर ती फाइल मांडीवर होती आणि मला तिची भीती वाटत होती. कर्वेनगरला घरी न जाता मी परत ऑफिसला गेले. टायर धरून हिशोब पुन्हा केला. विषारी धुराच्या बाबतीत ताटली प्लास्टिकच्या पुढे गेली. मी दोनदा तपासलं. आकडा तोच.

साहेबांनी तो पाहिला. "सोपं आहे. अहवालात लिहिलंय, माहिती कारखान्याने दिलेली आहे. त्यांनी खोटी दिली. आपण सुटलो."

"खोटी नाही दिली, अर्धी दिली. कारण मी अर्धीच विचारली."

"प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र हवंय का? ते आपण देत नाही."

दुसऱ्या दिवशी ताटल्यांच्या कंपनीबरोबर बैठक होती. त्यांचे तिघे, साहेब आणि मी. साहेबांनी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली, 'कारखान्याने माहिती दडवली' इथपर्यंत आले, आणि मी मध्येच बोलले. "फॉर्म माझा होता. ऋतूप्रमाणे जळण बदलतं का, हे मी विचारायला हवं होतं. जागेवर जायला हवं होतं. अहवाल मागे घ्यायला लागेल."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग कंपनीच्या एका अधिकाऱ्याने विचारलं, "मग छापलेल्या पाकिटांचं काय?"

अहवाल मागे घेतला गेला. मला त्या कंपनीच्या कामावरून काढलं. नोकरी राहिली, पण साहेब दिवाळीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. टायर कधी आणि किती, हे पावत्यांमुळे स्पष्ट झालं, म्हणून कंपनीने कारखाना सोडला नाही. दोन महिने माल बंद ठेवला आणि ब्रिकेटसाठी पत्र्याची शेड बांधायची अट घातली. त्या दोन महिन्यांत चार कामगार सोडून गेले. हे मला मालकांनीच फोनवर सांगितलं. मी म्हणाले, "मला वाईट वाटतं." ते म्हणाले, "वाटू द्या," आणि फोन ठेवला.

आता फॉर्म पाठवण्याआधी मी जागा बघून येते. प्रस्तावात प्रवासाचा दिवस घालते, साहेब तो खोडतात, मी परत घालते.

पालकवाल्या बाईंचा तो सगळा हंगाम वाया गेला. त्यांच्या नुकसानीबद्दल मी ताटल्यांच्या कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तिसरं मी लिहिलं नाही, आणि ते का लिहिलं नाही याचं कारण मला अजून धड सांगता येत नाही.